बॅलन्स कुणाच्या बाजूचा?

गटाच्या बैठकीत आपण नेहमी विचारतो, "बॅलन्स किती?" बचतीच्या पासबुकात हा शब्द असला तर ते आपले पैसे. कर्जखात्यात तोच शब्द असला तर ते आपलं देणं. शब्द एक, अर्थ उलटे.

बॅलन्स मुळात लॅटिनमधला, म्हणजे दोन पारड्यांचा तराजू. पारडं कुठे झुकलं हे शब्द सांगत नाही, ते आपणच बघायचं. चार्जचं मूळ आहे गाडीत ओझं भरणं. म्हणून मोबाइल चार्ज होतो, नवे ग्रामपंचायत अधिकारी चार्ज घेतात, बँक चार्ज कापते आणि पोलीस चार्जशीट दाखल करतात.

आपल्याला हे नवं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. जमा, वसूल, बाकी हे मूळचे अरबी शब्द तर त्याच्याही कितीतरी आधी फारसीतून मराठीत रुजले होते. 'बाकी'लाही दोन बाजू आहेतच. डब्यात बाकी उरली ती आपली, सावकाराच्या वहीत उरली ती आपल्या डोक्यावर.

१९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून बँकेचे इंग्रजी शब्दही आपल्या बैठकीत येऊन बसले. त्यांना घाबरायचं कशाला? सही करण्याआधी एवढंच विचारू, "साहेब, हा बॅलन्स जमेचा की देण्याचा?" विचारण्यात कमीपणा नाही, न विचारता अंगठा उठवला तर भार आपल्यावरच येतो.