कॅनीची लढाई

दुसऱ्या प्यूनिक युद्धातील (इ. स. पू. २१८–२०१) एक इतिहासप्रसिद्ध लढाई. ती २ ऑगस्ट इ. स. पू. २१६ रोजी आग्नेय इटलीतील कॅनी या गावानजीक रोमन सैन्य व कार्थेजचा सेनापती हॅनिबल यांच्यात झाली. प्राचीन आपूल्या प्रदेशातील हे स्थळ ऑफिडस (आधुनिक ऑफांतो) नदीच्या काठी, सध्याच्या बार्लेत्ता शहराजवळ आहे. संख्येने लहान सैन्याने मोठ्या सैन्याला चोहोबाजूंनी घेरून नष्ट केल्याचे अभिजात उदाहरण म्हणून ही लढाई ओळखली जाते. तथापि असा विजय मिळवूनही हॅनिबलला युद्ध जिंकता आले नाही. या विसंगतीमुळे युद्धशास्त्राइतकेच राज्यशास्त्राच्या दृष्टीनेही तिला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : इ. स. पू. २१८ मध्ये आल्प्स ओलांडून इटलीत उतरलेल्या हॅनिबलने त्याच वर्षी ट्रेबिया नदीकाठी आणि पुढील वर्षी ट्रॅझिमीन सरोवराकाठी रोमनांचा पराभव केला. ट्रॅझिमीनच्या लढाईत फ्लामिनियस हा कॉन्सल मारला गेला. त्यानंतर सर्वाधिकारी (डिक्टेटर) म्हणून नेमलेल्या फेबियस मॅक्सिमसने समोरासमोरचे युद्ध टाळून शत्रूची रसद तोडण्याचे धोरण अवलंबिले. परंतु मित्रनगरांची शेते डोळ्यांदेखत जळत असता स्वस्थ राहणे रोमनांना मानवले नाही. इ. स. पू. २१६ चे कॉन्सल लूशियस इमिलियस पॉलस व गेयस टेरेन्शियस व्हॅरो यांच्या हाताखाली आठ लीजन व तितकेच मित्रराष्ट्रांचे पायदळ देण्यात आले. दरम्यान हॅनिबलने कॅनी येथील रोमनांचे धान्याचे कोठार हस्तगत केल्यामुळे लढाई अटळ झाली.

व्यूहरचना व युद्ध : ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याच्या मते रोमन पक्षाकडे ८०,००० पायदळ व सु. ६,००० घोडदळ होते, हॅनिबलकडे सु. ४०,००० पायदळ व १०,००० घोडदळ होते. दोन्ही कॉन्सल एक दिवसाआड सेनापतिपद भूषवीत आणि त्या दिवशी ते व्हॅरोकडे होते. शत्रूची मधली फळी केवळ भाराने फोडावी या हेतूने त्याने पायदळाच्या रांगा नेहमीपेक्षा अरुंद व खोल ठेवल्या. हॅनिबलने नेमक्या याच हेतूचा उपयोग करून घेतला. त्याने मध्यभागी गॉल व स्पॅनिश पायदळ शत्रूच्या दिशेने फुगलेल्या चंद्रकोरीच्या आकारात उभे केले, त्यांच्या दोन्ही बाजूंस कसलेले आफ्रिकी पायदळ ठेवले, डाव्या टोकास नदीलगत हॅझड्रूबलच्या हाताखाली गॉल व स्पॅनिश घोडदळ आणि उजव्या टोकास चपळ न्यूमिडियन स्वार नेमले.

रोमनांच्या रेट्याखाली चंद्रकोर हळूहळू मागे हटली व आतल्या बाजूस वळली. पाठलागाच्या भरात रोमन सैनिक पोकळीत घुसत गेले, तेव्हा दोन्ही बाजूंचे आफ्रिकी पायदळ आत वळून त्यांच्या बगलांवर तुटून पडले. तोपर्यंत हॅझड्रूबलने समोरचे रोमन घोडदळ उधळून लावले होते. शत्रूच्या पिछाडीकडून पलीकडच्या टोकास जाऊन त्याने मित्रराष्ट्रांच्या स्वारांनाही पळविले आणि अखेर रोमन पायदळावर मागून हल्ला चढविला. दाटीमुळे रोमनांना शस्त्र चालविण्यासही जागा उरली नाही. पॉलिबियस मृतांची संख्या सु. ७०,००० देतो, रोमन इतिहासकार लिव्ही ती सु. ४८,००० सांगतो. पॉलस धारातीर्थी पडला, तर व्हॅरो मोजक्या स्वारांसह निसटला. हॅनिबलची हानी पॉलिबियसच्या मते ५,७००, तर लिव्हीच्या मते ८,००० होती. व्हॅरोवरील दोषारोप मात्र सावधपणे स्वीकारले पाहिजेत. कारण पॉलिबियसचा आश्रयदाता सिपिओ इमिलिएनस हा पॉलसचा नातू होता.

परिणाम : कॅप्युआसह दक्षिण इटलीतील अनेक नगरे व जमाती हॅनिबलला मिळाल्या. इ. स. पू. २१५ मध्ये मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने त्याच्याशी तह केला. रोममध्ये भयाचे वातावरण पसरले. दैवी कोप शमविण्यासाठी दोन गॉल व दोन ग्रीक व्यक्तींना जिवंत पुरण्यात आले. तरीही सीनेटने तहाची बोलणी नाकारली, युद्धकैद्यांची खंडणी भरण्यास नकार दिला आणि गुलामांना शस्त्रे देऊन नवे सैन्य उभारले. पराभूत व्हॅरोचे स्वागत राज्याबद्दल निराश न झाल्याबद्दल आभार मानून करण्यात आले.

हॅनिबलने तत्काळ रोमवर चाल करावयास हवी होती, असे मत प्राचीन काळापासून मांडले जाते, परंतु सु. ४०० किमी. दूर असलेल्या तटबंदीयुक्त नगराला वेढा घालण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती. रोमची मित्रराष्ट्रे फोडून त्याला एकाकी पाडणे, हा त्याचा मूळ बेत होता. तो फसला, कारण लॅटिन वसाहती व मध्य इटली रोमशी एकनिष्ठ राहिली आणि त्यांच्या मनुष्यबळावर रोम पुनःपुन्हा सैन्य उभारू शकला. फिरलेल्या नगरांचे रक्षण करणे हाच पुढे हॅनिबलवर भार झाला. इ. स. पू. २११ मध्ये कॅप्युआ पडले. इ. स. पू. २०२ मध्ये आफ्रिकेतील झामा येथे सिपिओने हॅनिबलचा पराभव केला. हा सिपिओ कॅनीहून वाचलेल्यांपैकी होता. कॅनीतून जिवंत परतल्याचा ठपका ठेवून सिसिलीत पाठविलेल्या लीजनमधील सैनिकांना त्याने आफ्रिकेच्या मोहिमेत सामील करून घेतले होते.

आधुनिक काळात जर्मन सेनाधिकारी आल्फ्रेड फोन श्लीफेन (१८३३–१९१३) याने या लढाईस संपूर्ण विजयाचा आदर्श मानून तिच्यावर लेखन केले. सैनिकी विद्यालयांतून तिचा अभ्यास अद्यापही होतो. तथापि रणांगणावरील संपूर्ण विजय आणि युद्धातील अंतिम यश यांमधील अंतर हाही कॅनीचा तितकाच महत्त्वाचा धडा होय.