लुसिया हॅरिस आणि डेल्टा स्टेटचा संघ

अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानाच्या वायव्य भागास डेल्टा असें म्हणतात. सपाट, नद्यांच्या गाळाची जमीन आणि तींत दृष्टि पोंचेल तेथपर्यंत कापूस, असा हा मुलूख. या मुलखांत क्लीव्हलंड नांवाचें एक लहानसें गांव असून तेथें डेल्टा स्टेट नांवाचें कॉलेज आहे. शिक्षक तयार करण्याकरितां निघालेलें हें कॉलेज पुढें विद्यापीठ झालें. १९३२ सालीं या कॉलेजानें आपला मुलींचा बास्केटबॉल-संघ मोडून टाकला. हा खेळ तरुण स्त्रियांच्या प्रकृतीस झेपणारा नाहीं, असें कारण देण्यांत आलें. संघांतील मुली रडल्या, आणि त्यांनीं आपले खेळाचे पोशाख जाळून टाकले. त्या मुलींत मार्गारेट वेड या नांवाची क्लीव्हलंडचीच एक मुलगी होती.

स्त्रियांच्या प्रकृतीची ही काळजी जवळजवळ खेळाइतकीच जुनी आहे. १८९१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या लावून बास्केटबॉल सुरू केला. आणि दुसऱ्याच वर्षीं सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें जवळच्याच स्मिथ कॉलेजांत तो मुलींना शिकविला. मात्र मैदानाचे तीन भाग पाडून कोणत्याही मुलीनें आपला भाग सोडूं नये, असा निर्बंध तिनें घातला. हेतु हा कीं कोणास फार धावावें लागूं नये. बेरेन्सनबाईंना दोष देण्यांत अर्थ नाहीं. निर्बंध घातला नसता तर त्या काळीं मुलींच्या हातीं कदाचित् चेंडूच आला नसता. परंतु मुलींनीं पुरुषांप्रमाणें सबंध मैदानभर पांच-पांचांनीं खेळावें, हें अमेरिकेंतील कॉलेजांत मान्य होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

खेळ बंद झाला तेव्हां मार्गारेट वेड शिकविण्याकडे वळल्या. क्लीव्हलंडच्याच माध्यमिक शाळेंत एकोणीस वर्षें त्यांनीं मुलींचा संघ तयार केला. पुढें ज्या कॉलेजानें त्यांचा संघ मोडला होता, तेथेंच त्या शारीरिक शिक्षणाच्या विभागांत आल्या. १९७२ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा केला कीं सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनीं स्त्री व पुरुष असा भेद करूं नये. दुसऱ्या वर्षीं डेल्टा स्टेटनें मुलींचा संघ पुन्हां उभा करण्याचें ठरविलें आणि तें काम वेडबाईंना सांगितलें. त्या वेळीं त्यांनीं साठी गांठली होती. एक्केचाळीस वर्षें मध्यें गेलीं होतीं.

त्याच वर्षीं कॉलेजांत लुसिया हॅरिस ही विद्यार्थिनी दाखल झाली. तिचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ चा, डेल्टांतीलच मिंटर सिटी या खेड्यांतला. अकरा भावंडांत ती दहावी; घरचें काम कापूस वेंचण्याचें. ज्या वर्षीं ती जन्मली त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें तिच्याच जिल्ह्यांतील मनी या गांवीं एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलास घरांतून ओढून नेऊन ठार मारण्यांत आलें, आणि पंचांनीं आरोपींना निर्दोष ठरविलें. त्या सुमारास डेल्टा स्टेटचें दारही कृष्णवर्णीयांना बंद होतें. हा काळ ध्यानांत ठेविल्याशिवाय पुढील हकीकतीचें वजन कळावयाचें नाहीं.

लुसिया सहा फूट तीन इंच उंच होती, आणि त्या उंचीबद्दल शाळेंत तिची थट्टा होई. रात्रीं सर्वांची निजानीज झाल्यावर ती गोधडीखालीं लपून टेलिव्हिजनवर बास्केटबॉलचे सामने पाही. ऑस्कर रॉबर्टसन हा तिचा विशेष आवडता खेळाडू. डेल्टा स्टेटच्या संघांत ती एकटीच कृष्णवर्णीय होती. १९७५ सालच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यांत तिच्या संघानें इमॅक्युलाटा कॉलेजचा ९० विरुद्ध ८१ गुणांनीं पराभव केला. इमॅक्युलाटानें त्यापूर्वीं लागोपाठ तीन वर्षें विजेतेपद मिळविलें होतें. १९७६ व १९७७ सालींही डेल्टा स्टेटच जिंकलें. कॉलेजच्या चार वर्षांत लुसियानें २,९८१ गुण केले आणि टोपलींतून हुकून परतलेले १,६६२ चेंडू हस्तगत केले. १९७६ सालीं माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांचा बास्केटबॉल प्रथमच खेळला गेला. त्या इतिहासांतील पहिला चेंडू टोपलींत टाकणारी लुसियाच होती. तो सामना जपाननें जिंकला खरा; तरी शेवटीं अमेरिकेस रौप्यपदक मिळालें.

१९७७ सालीं न्यू ऑर्लिन्स जॅझ या धंदेवाईक पुरुष-संघानें आपल्या नव्या खेळाडूंच्या निवडींत तिचें नांव घेतलें. त्या संस्थेच्या निवडींत रीतसर निवडली गेलेली स्त्री तीच पहिली. वर्तमानपत्रांना ही मोठी मौज वाटली. लुसिया मात्र गेली नाहीं. ती नुकतीच विवाहित होती व तिला दिवस गेले होते. शिवाय धिप्पाड पुरुषांशीं झुंजण्यांत कांहीं अर्थ आहे असें तिला वाटलें नाहीं. तिचा हा निर्णय समंजसपणाचा होता. दुःखाची गोष्ट निराळीच आहे. तिच्या बरोबरीच्या पुरुष खेळाडूंपुढें पगारी खेळाचीं वर्षेंच्या वर्षें पसरलेलीं होतीं, आणि देशांतल्या या सर्वोत्तम खेळाडूस त्या दिवशीं स्त्रियांची एकही धंदेवाईक संस्था उपलब्ध नव्हती. १९७८ सालीं तशी एक संस्था निघाली. लुसिया तींत ह्यूस्टनच्या संघाकडून एक हंगाम खेळली. १९८१ सालीं संस्थाच बुडाली.

मग ती डेल्टा स्टेटला परत आली. मुलींच्या संघाची साहाय्यक मार्गदर्शिका, ज्याला तिकडे 'कोच' म्हणतात, आणि प्रवेशासाठीं येणाऱ्या विद्यार्थ्यांची सल्लागार, अशीं दोन कामें तिला मिळालीं. उत्तम खेळाडूनें पुढें मार्गदर्शक व्हावें ही पायरी स्वाभाविक समजली जाते. पण ती खेळून खेळून थकलेल्यांची पायरी आहे. लुसियास बाकावर बसविलें तें थकव्यानें नव्हे. वेडबाईंनाही तरुणपणीं शिकविण्याकडे वळावें लागलें होतें. एक गोरी, एक कृष्णवर्णीय. मध्यें पिढ्या गेल्या होत्या, पण मैदान दोघींचेंही मध्येंच संपलें. वेडबाई मात्र १९७९ सालींच निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या हाताखालीं डेल्टा स्टेटनें १५७ सामने जिंकले व अवघे २३ गमावले.

त्या दोन कामांपैकीं दुसऱ्याकडे चरित्रकारांचें लक्ष फारसें जात नाहीं. ज्या कॉलेजाचें दार तिच्या जन्माच्या वेळीं तिच्या लोकांना बंद होतें, त्याच दारांत उभी राहून ती आतां नव्या मुलांना आंत या म्हणून सांगत होती.

१९८४ सालीं तिनें तेथेंच शिक्षणशास्त्राची पुढील पदवी घेतली. नंतर ह्यूस्टनच्या टेक्सस सदर्न विद्यापीठांत दोन वर्षें ती मुख्य मार्गदर्शिका होती. मनाच्या एका आजारानें तिला पुष्कळ छळलें; ही गोष्ट तिनें स्वतः कधीं झांकून ठेविली नाहीं. अखेर ती मिसिसिपींत परतली आणि शाळेंत शिकवूं लागली. विशेष साहाय्याची गरज असलेल्या मुलांना ती निवृत्त होईपर्यंत शिकवीत होती. स्त्रियांची आजची धंदेवाईक संस्था १९९७ सालीं खेळूं लागली, तेव्हां लुसिया बेचाळीस वर्षांची होती. १८ जानेवारी १९२२ नव्हे, २०२२ रोजीं ती वारली. तिच्यावरील लहानशा चित्रपटास त्याच वर्षीं मार्चमध्यें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

स्प्रिंगफील्ड येथें नेस्मिथ यांच्या नांवानें थोर खेळाडूंचें स्मृतिमंदिर आहे. १९८५ सालीं वेडबाईंचें नांव तेथें लागलें, आणि १९९२ सालीं लुसियाचें. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्या समारंभांत नव्या सभासदाबरोबर उभें राहण्यास एखाद्या जुन्या सभासदास निवडण्याची तेथें रीत आहे. लुसियानें ऑस्कर रॉबर्टसन यांचें नांव सांगितलें, आणि ते आले.