सप्ताहातून महिना : केंट विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा इतिहासोत्सव

अमेरिकेच्या ओहायो राज्यात केंट नावाचे एक लहान शहर आहे. तेथील राज्य विद्यापीठाचे नाव जगाला ठाऊक झाले ते ४ मे १९७० रोजी. व्हिएतनामचे युद्ध कंबोडियात नेल्याच्या निषेधार्थ आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर त्या दिवशी नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. ४ विद्यार्थी मृत्युमुखी पडले, ९ जखमी झाले. या घटनेवर ग्रंथ लिहिले गेले, गीते रचली गेली, आवारात स्मारक उभे राहिले.

त्याच आवारात, गोळीबारापूर्वी जेमतेम दोन महिने, आणखी एक घटना घडून गेली होती. २ जानेवारी ते २८ फेब्रुवारी १९७० या काळात तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपल्या समाजाचा इतिहास आणि संस्कृती यांचा उत्सव साजरा केला. आज दर फेब्रुवारीत अमेरिकेतील शाळा, विद्यापीठे आणि ग्रंथालये ज्याला 'ब्लॅक हिस्टरी मन्थ' म्हणून पाळतात, त्याचा विद्यापीठीय आरंभ या उत्सवात झाला असे मानले जाते. पहिली घटना सर्वांना ठाऊक आहे, दुसरी फारच थोड्यांना. हा उत्सव कोणी मागितला, कोणत्या परिस्थितीत मागितला, आणि त्याच्याबरोबर आणखी काय मागितले, याचा शोध घेतला म्हणजे उत्सवाचा अर्थ बराचसा पालटतो.

महिन्याच्या आधी सप्ताह होता. तो सुरू करणारे कार्टर जी. वुडसन यांचे चरित्र आपल्या वाचकांना परके वाटणार नाही. १८७५ साली व्हर्जिनियात त्यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीतून मुक्त झालेले. घरच्या दारिद्र्यामुळे तरुण वुडसन वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत मजुरीला गेले. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचा एक खाणकामगार होता, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला. त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्याने आपल्या घरी पुस्तके आणि वृत्तपत्रे जमवून ठेवली होती. मजूर संध्याकाळी तेथे जमत आणि वुडसन त्यांना वृत्तपत्रे वाचून दाखवीत. पुढे हार्वर्डमधून पीएच. डी. मिळवणाऱ्या या इतिहासकाराची पहिली अभ्यासशाळा ती होती. हार्वर्डची पदवी १९१२ सालची, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्यानंतर ती मिळवणारे वुडसन हे दुसरे कृष्णवर्णीय.

१९१५ साली शिकागो येथे त्यांनी 'निग्रो जीवन आणि इतिहास' यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली आणि जानेवारी १९१६ मध्ये तिचे संशोधन-नियतकालिक सुरू केले. ('निग्रो' हा त्या काळचा प्रचलित आणि त्या समाजानेही स्वीकारलेला शब्द होता. पुढे त्याच समाजातील तरुणांनी तो टाकला. जुन्या नावांच्या संदर्भात तो येथे तसाच ठेवला आहे.) याच सुमारास, १९१३ ते १९१६ या काळात, बाबासाहेब न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरील आपला प्रसिद्ध निबंध तेथे वाचला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध होता असे दाखवणारा पुरावा नाही आणि तो जुळवण्याचा मोहही धरू नये. मात्र ज्यांच्याविषयी इतर लोक लिहीत आले, त्यांच्यातील माणसे एकाच काळी स्वतः लिहू लागली होती, एवढे खरे.

वुडसन यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पहिला 'निग्रो इतिहास सप्ताह' पाळला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडण्यामागे कारण होते. १२ फेब्रुवारी हा अब्राहम लिंकन यांचा जन्मदिन आणि १४ फेब्रुवारी हा फ्रेडरिक डग्लस यांचा. हे दोन्ही दिवस कृष्णवर्णीय समाज आधीपासूनच पाळत होता. डग्लस यांची जन्मतारीख ही मोठी बोलकी गोष्ट आहे. ते गुलामगिरीत जन्मले. गुलामाच्या मुलाचा जन्मदिवस कोण टिपून ठेवणार? १४ फेब्रुवारी ही तारीख त्यांनी स्वतःच ठरवून घेतली. आपल्याकडे गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर घातलेली १ जून ही तारीख आयुष्यभर वागवलेली माणसे ज्या घरात आहेत, त्या घराला या गोष्टीचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

तथापि दोन थोर पुरुषांच्या जयंत्या एवढाच या सप्ताहाचा आशय राहू नये, असा वुडसन यांचा आग्रह होता. इतिहास एकटे महापुरुष घडवीत नाहीत, तो लोक घडवतात, ही त्यांची धारणा. वर्षभर वर्गात जे शिकले ते सप्ताहात लोकांसमोर मांडावे, अशी त्यांची योजना होती. शिक्षकांसाठी त्यांच्या संस्थेने पाठ, चित्रे आणि नाट्यप्रवेश तयार करून पाठवले. सप्ताह लोकप्रिय होताच त्याचा बाजारही झाला. घाईघाईने लिहिलेली पुस्तके निघाली, मिळेल त्या व्यासपीठावर बोलणारे वक्ते निघाले. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षाही ज्यांना विषय कमी ठाऊक आहे अशा वक्त्यांना बोलावू नका, असे त्यांनी शिक्षकांना बजावले. एप्रिल महिन्यात आपल्या महाविद्यालयांतून जी व्याख्याने होतात ती ऐकताना प्रस्तुत लेखकाला या इशाऱ्याची आठवण होते, हे सांगितलेले बरे. सप्ताहाची गरजच उरू नये, वर्षभर हा इतिहास शिकवला जावा, हे वुडसन यांचे अंतिम उद्दिष्ट होते. १९५० साली ते निवर्तले तेव्हा ते दूरच होते.

सप्ताहाचा महिना करण्याची कल्पना अगदी नवी नव्हती. वेस्ट व्हर्जिनियात १९४० नंतरच्या दशकात काही ठिकाणी संपूर्ण फेब्रुवारी पाळला जात होता. पण विद्यापीठाच्या आवारात ही मागणी आली ती निराळ्या स्वरात. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. ज्या विद्यापीठांत आजवर मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थी असत, तेथे आता शेकड्यांनी येऊ लागले होते आणि त्यांना तेथे स्वतःचे काहीच दिसत नव्हते. अभ्यासक्रमात नाही, अध्यापकांत नाही, ग्रंथालयात नाही. सॅन फ्रान्सिस्को राज्य महाविद्यालयात नोव्हेंबर १९६८ मध्ये सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून वांशिक अध्ययनाचे स्वतंत्र महाविद्यालय निर्माण झाले.

केंट येथे १९६८ सालीच 'ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स' ही संघटना स्थापन झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचे पोलीस खाते नोकरभरतीसाठी केंटच्या आवारात आले. ओकलंड म्हणजे ब्लॅक पँथर पक्षाची जन्मभूमी. त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी बॉबी हटन या पँथरच्या कोवळ्या कार्यकर्त्याला तेथील पोलिसांनी ठार केले होते. तेच खाते आपल्या विद्यापीठात उमेदवार निवडायला येते, हे विद्यार्थ्यांना मानवणे शक्यच नव्हते. कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि डाव्या विचारांचे श्वेतवर्णीय विद्यार्थी यांनी मिळून भरतीच्या ठिकाणी ठिय्या दिला. विद्यापीठाने शिस्तभंगाच्या कारवाईचा इशारा दिला, तेव्हा सुमारे २५० कृष्णवर्णीय विद्यार्थी आवार सोडून चालते झाले आणि जवळच्या अ‍ॅक्रन शहरी जाऊन राहिले. कारवाई होणार नाही हे स्पष्ट झाल्यावरच ते परतले.

येथून पुढचा क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. विद्यार्थी परतले ते मागण्या घेऊन : कृष्णवर्णीय अध्यापक, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे अभ्यासक्रम, स्वतःचे सांस्कृतिक केंद्र. फेब्रुवारी १९६९ मध्ये सप्ताहाऐवजी संपूर्ण महिना पाळण्याचा प्रस्ताव संघटनेने कृष्णवर्णीय अध्यापकांच्या सहकार्याने मांडला. त्याच वर्षी आफ्रिकन-अमेरिकन विषयांच्या अभ्यासासाठी एक संस्था विद्यापीठात सुरू झाली आणि डॉ. एडवर्ड क्रॉस्बी तिचे संचालक झाले. मग १९७० च्या आरंभी उत्सव झाला. त्यातील बरेचसे कार्यक्रम 'कुउम्बा हाऊस' या विद्यार्थ्यांच्या पहिल्या सांस्कृतिक केंद्रात झाले. 'कुउम्बा' हा स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ सर्जनशीलता असा आहे. म्हणजे विद्यार्थ्यांनी केवळ उत्सवाची परवानगी मागितली नव्हती. शिकवणारी माणसे, शिकवण्याचा विषय आणि बसायला जागा मागितली होती. उत्सव हा त्या मागण्यांपैकी एक होता.

यामागे आणखी एका माणसाची सावली होती. ऑस्कर रिची हे १९४७ साली समाजशास्त्र विभागात नेमले गेलेले केंटचे पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. १९६७ साली त्यांचे निधन झाले, त्यामुळे उत्सव त्यांनी पाहिला नाही. पुढे विद्यापीठातील जुन्या विद्यार्थी-भवनाला त्यांचे नाव देण्यात आले आणि पॅन-आफ्रिकन अध्ययनाचा विभाग त्याच वास्तूत नांदू लागला.

अमेरिकेतील या घडामोडींचे पडसाद मराठवाड्यात उमटले, तेही एका महाविद्यालयाच्याच आवारात. औरंगाबादच्या नागसेनवनात, बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेतील शिक्षण संपवून परतले ते कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय सोबत घेऊन. त्या साहित्याची चर्चा तेथील अध्यापक-विद्यार्थ्यांत सुरू झाली. १९६७ साली 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले आणि पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' म्हणून ते दीर्घकाळ चालले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचे नावच ओकलंडच्या पँथरवरून घेतलेले. १९७८ साली जनार्दन वाघमारे यांचा अमेरिकन निग्रोंचे साहित्य आणि संस्कृती यांवरील मराठी ग्रंथ आला. त्याहीपूर्वी, १९४६ साली, बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या आणि ३१ जुलै १९४६ रोजी ड्यू बॉईस यांनी त्यांना सहानुभूतीचे उत्तर धाडले होते. अलीकडे, २०१५ सालापासून, एप्रिल महिना 'दलित इतिहास महिना' म्हणून पाळण्याचा जो उपक्रम दलित स्त्रियांच्या पुढाकाराने सुरू झाला, त्याची प्रेरणा तर उघडपणे अमेरिकेतील फेब्रुवारीचीच आहे.

पुन्हा केंटकडे वळू. ४ मेच्या सभेला जाऊ नका, असे आपल्या संघटनेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सांगितल्याच्या आठवणी त्यांच्यातील काहींनी पुढे नोंदवल्या आहेत. बंदुका घेतलेले जवान आवारात आले म्हणजे काय होऊ शकते, याची त्यांना कल्पना होती. ८ फेब्रुवारी १९६८ रोजी दक्षिण कॅरोलायनातील ऑरेंजबर्ग येथे पोलिसांच्या गोळीबारात ३ कृष्णवर्णीय तरुण मारले गेले होते. केंटच्या गोळीबारात जे चौघे गेले ते सारे श्वेतवर्णीय होते. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १५ मे १९७० रोजी, मिसिसिपीतील जॅक्सन राज्य महाविद्यालयाच्या आवारात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि फिलिप गिब्ज व जेम्स अर्ल ग्रीन हे दोन कृष्णवर्णीय तरुण ठार झाले. केंटचे नाव जगाला पाठ आहे. ऑरेंजबर्ग आणि जॅक्सन ही नावे किती जणांनी ऐकली असतील? जगाच्या स्मरणात काय उरावे हे आपोआप ठरत नाही, आणि फेब्रुवारीच्या महिन्याची मागणी या विस्मरणाविरुद्धच होती.

राजमान्यता पुढे लवकर मिळाली. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दी वर्षात, वुडसन यांच्या संस्थेने सप्ताहाचा महिना केला आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला मान्यता देणारा संदेश काढला. १९८६ साली संसदेने तसा कायदा केला. त्यानंतर टपाल तिकिटे निघाली, मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती निघाल्या, भोजनगृहांत विशेष पदार्थ आले. ज्या बाजाराबद्दल वुडसन यांनी तक्रार केली होती तो आता पुष्कळच मोठा झाला. तरीही हा महिना निव्वळ देखावा आहे, असे म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. ज्या शाळेत एरवी हा विषय निघतच नाही तेथे एक महिना का होईना तो निघतो, आणि एखाद्या मुलीच्या हाती एखादे पुस्तक पडते. मात्र ते पुस्तक लिहिणारा, तपासणारा आणि शिकवणारा माणूस कोठे तरी वर्षभर पगारावर असावा लागतो. वुडसन यांनी त्यासाठी संस्था काढली, केंटच्या विद्यार्थ्यांनी विभाग मागितला.

हा प्रश्न आता ओहायोतच नव्याने उभा राहिला आहे. मार्च २०२५ मध्ये त्या राज्याच्या गव्हर्नरांनी उच्च शिक्षणासंबंधीच्या एका कायद्यावर स्वाक्षरी केली. राज्याच्या विद्यापीठांतील विविधता, समता व समावेशन यांसाठीची कार्यालये त्या कायद्याने बंद केली. फेब्रुवारीचा उत्सव साजरा करू नये असे त्यात म्हटलेले नाही. त्यातील दुसऱ्या एका तरतुदीकडे मात्र वर्तमानपत्रांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. ज्या पदवी-अभ्यासक्रमातून तीन वर्षांच्या काळात दरवर्षी सरासरी ५ पेक्षा कमी विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, तो अभ्यासक्रम विद्यापीठाने बंद करावा, अशी ती तरतूद आहे.