अस्करच्या किनाऱ्यावरचा अगस्ती

आकाश पाहायला आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबे हिवाळ्यात अस्करला जातो. बहारीनच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे जुने कोळ्यांचे गाव मनामापासून दूर आहे, आणि पूर्वेला थेट समुद्र. चटया, चहाचे थर्मास, बटाटेवडे, लाल जिलेटिन कागद लावलेली विजेरी आणि एक दुर्बीण, एवढा आमचा संसार. ही रीत मी वांगणीहून आणली. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने 1985-86 च्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. कर्जतच्या लोकलने वांगणीला उतरून रात्रभर जागायचे आणि पहाटेच्या गाडीने परत यायचे, हे व्रत मुंबईच्या शेकडो पोरांनी तेव्हापासून केले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर त्याहून पुष्कळ जुनी, 1944 सालची.

आपण या वाळवंटात काहीतरी नवीन घेऊन आलो, असा माझा समज होता. तो एका म्हाताऱ्या कोळ्याने उतरवला. जाळे आवरून तो आमच्याजवळ आला. मुलांना मी दक्षिणेचा एक ठळक तारा दाखवत होतो. तो म्हणाला, "सुहैल." मी म्हटले, "अगस्ती." मग तो बराच वेळ बोलला. माझे अरबी बाजारापुरते, त्यामुळे निम्मे निसटले. पण त्याचा बाप मोत्यांच्या गलबतावर पाणबुड्या होता आणि सुहैल म्हणजे घरी परतण्याची खूण, एवढे कळले. त्या रात्रीनंतर मी या विषयाच्या मागे लागलो.

मोत्यांचा मोठा हंगाम साधारण जून ते सप्टेंबर. चार महिने गलबत समुद्रावर, दिवसभर बुड्या, आणि कप्तानाकडून घेतलेल्या उचलीचे कर्ज डोक्यावर. बापाचे कर्ज मुलाकडे येई. त्या कप्तानाला इकडे ‘नाखुदा’ म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातला ‘नाखवा’ तो हाच शब्द! आणि इथले मोती विकायला जात ते मुंबईच्याच बाजारात. ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात पहाटे सुहैल दिसला की उन्हाळ्याची पाठ मोडली असे समजत. त्यानंतर महिनाभरात पाणी गार होई आणि गलबते परतीला लागत. जपानी कृत्रिम मोती, 1929 ची जागतिक मंदी आणि 1932 साली सापडलेले तेल यांनी तो धंदा बुडवला. मुहर्रकमधल्या त्याच्या खुणांना 2012 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले, पण त्यात आकाश कसे येणार?

आता आपल्याकडचे पाहू. अगस्तीचा उदय झाला की पावसाळा सरतो आणि नद्यांचे गढूळ पाणी निवळते, ही आपली जुनी समजूत. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त अगस्तीसाठी एक अध्याय खर्ची घातला. त्याने उदयाचा काळ उज्जयिनीसाठी दिला आणि वर बजावले की प्रत्येक देशाचा उदय वेगळा, तो गणिताने काढावा. हे वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मुंबईला हा तारा क्षितिजावर 18 अंशांपर्यंत चढतो, अस्करला जेमतेम 11. त्यामुळे मुंबईला तो दहा-पंधरा दिवस आधी उगवतो. पण त्या दिवसांत मुंबईचे आभाळ भरलेले! कोकणातल्या माणसाला अगस्त्योदय दिसतो तो पंचांगात. माझ्या आजोबांनीही तो तिथेच वाचला आणि मीही. इथल्या पाणबुड्याला मात्र तो डोळ्यांनी दिसे, कारण त्याची सुटका त्यावर होती. खलाशांनी तर होकायंत्राच्या 32 दिशांना ताऱ्यांची नावे दिली. त्यात सुहैलच्या उदयाची दिशा म्हणजे दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधली. अस्करच्या किनाऱ्यावर होकायंत्र धरून मी ताडून पाहिली. चार-पाच अंशांचा फरक पडतो, आणि हलत्या गलबतावर तेवढे चालायचेच.

पूर्वेला मोकळा समुद्र असल्याचा आणखी एक फायदा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास 1896 साली निघाला. एवढा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला गेला, याचा अभिमान वाटावा. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या ‘शतपथ ब्राह्मणा’तल्या विधानावरून दीक्षितांनी तो काळ सुमारे इसवी सनापूर्वी 3000 असा काढला. कारण संपातचलनामुळे आता कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत नाहीत. हे फळ्यावर पटत नाही. नोव्हेंबरच्या संध्याकाळी अस्करला हात लांब करून मूठ धरली की पूर्वबिंदूपासून उत्तरेकडे पावणेतीन मुठींवर, म्हणजे सुमारे 27 अंशांवर, त्या पाण्यातून वर येतात. मुलांनी मुठी मोजल्या आणि गप्प झाली. ह्याच कृत्तिकांना इथे ‘सुरैया’ म्हणतात. त्या मावळून चाळीसेक दिवस दिसेनाशा होतात आणि जूनमध्ये पहाटे पुन्हा दिसल्या की कडक उन्हाळा. म्हणजे सुरैयाने हंगाम उघडायचा आणि सुहैलने मिटवायचा.

अस्करचे आकाशही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. वायव्येला औद्योगिक पट्ट्याचा उजेड इतका चढतो की त्या बाजूचे बारीक तारे आम्ही सोडूनच दिले आहेत. आग्नेयेकडे समुद्रावर तेवढा काळोख उरला आहे, आणि अगस्ती नेमका त्याच बाजूला उगवतो.

आमच्या बैठका नोव्हेंबर ते मार्च. तिकडे पाऊस आकाश झाकतो, इकडे उष्मा आणि धूळ. तरीही गेल्या वर्षी मी हट्टाने उन्हाळ्यात गेलो. ऑगस्टच्या अखेरीस दोन पहाटे दमट धुरकटात काही दिसले नाही. घामाने अंगरखा भिजला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो. बरोबर धाकटी मुलगी होती. साडेचारच्या आत तिलाच आधी दिसला, पाण्यापासून चार बोटे वर, लालसर आणि थरथरता. "बाबा, हा सुहैल की अगस्ती?" तिने विचारले. जाळी घेऊन निघालेल्या एका होडीचे इंजिन तेवढ्यात सुरू झाले आणि माझे उत्तर तिला ऐकू गेले नाही.