गाझियाबाद : एका सराईच्या गावाची कुळकथा

बदलीच्या हुकमात गावाचे नाव असते. गावाची हकिकत नसते. त्यामुळे केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त गाझियाबादेत बिऱ्हाड करणारा मराठी माणूस बहुधा एवढेच धरून चालतो की, हे दिल्लीच्या वेशीवरचे गर्दीचे शहर आहे, येथे जागा दिल्लीपेक्षा स्वस्त मिळते आणि आपला या भूमीशी संबंध पगारापुरता आहे. यांतील शेवटची समजूत इतिहासाला धरून नाही. या गावाच्या संस्थापकाचा शेवट आणि या गावाचे सर्वांत मोठे सत्तांतर या दोन्ही गोष्टी आपल्याच मुलखात घडल्या आहेत. त्यांचा परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

गंगा-यमुनेच्या दुआबातील हा सपाट, गाळाचा प्रदेश. डोंगर नाही, दगड नाही. पश्चिमेस हिंडन नदी तेवढी वाहते. अशा मैदानात गाव वसते ते रस्त्याच्या आधाराने. १७४० साली गाझिउद्दीन नावाच्या मोगल उमरावाने येथे १२० खोल्यांची कमानदार पक्की सराई बांधली आणि भोवतालच्या वस्तीस गाझिउद्दीननगर हे नाव पडले. गावाला चार दरवाजे होते. दिल्ली दरवाजा, डासना दरवाजा आणि सिहानी दरवाजा यांची नावे ज्या गावांकडे वाट जाई त्यांवरून पडली. चौथा शाही दरवाजा स्वातंत्र्यानंतर जवाहर दरवाजा झाला. डासना आणि सिहानी ही गावे या नव्या पेठेहून जुनी. म्हणजे शेतकऱ्यांची खेडी आधी आणि त्यांच्यामध्ये वाटसरूंचे गाव मागाहून, असा हा क्रम आहे.

हा गाझिउद्दीन कोण, याविषयी पुष्कळ घोटाळा होतो. कारण एकाच घराण्यातील तीन पुरुषांनी हा किताब धारण केला. दिल्लीच्या अजमेरी दरवाज्याजवळचा प्रसिद्ध मदरसा पहिल्याचा. तो निजाम-उल-मुल्काचा बाप. दुसरा निजामाचा थोरला मुलगा आणि तिसरा त्याचा नातू इमाद-उल-मुल्क. ‘वजीर गाझिउद्दीन’ म्हटले की नातवाकडे बोट जाते. परंतु १७४० मध्ये तो जेमतेम चार-पाच वर्षांचा पोर होता. तेव्हा संस्थापकत्वाचा मान मधल्या गाझिउद्दीनाकडेच जातो. पालखेडला १७२८ साली थोरल्या बाजीरावांनी ज्याला कोंडीत धरले त्या निजामाचा हा पुत्र, आणि बाजीरावांचा मृत्यू झाला तेही वर्ष १७४०च!

निजाम १७४८ साली वारला आणि दक्षिणेच्या सुभेदारीसाठी त्याच्या वारसांत तंटा माजला. गाझिउद्दीन थोरला, पण तो दिल्लीस. अखेर मराठ्यांच्या पाठबळावर तो दक्षिणेत उतरला. मात्र गादी हाती येण्यापूर्वीच ऑक्टोबर १७५२ मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विषप्रयोगाने त्याचा अंत झाला. त्याच्या साहाय्यापोटी पेशव्यांना जो मुलूख मिळावयाचा होता, तो त्याच वर्षी भालकीच्या तहाने सलाबतजंगाकडून मिळाला. दुआबात सराई बांधणाऱ्या पुरुषाची आयुष्ययात्रा अशी मराठवाड्यात संपली.

पुढे त्याचा मुलगा इमाद-उल-मुल्क १७५४ मध्ये होळकरांच्या बळावर वजीर झाला आणि १७५९ मध्ये आपणच गादीवर बसविलेल्या बादशहाचा त्याने खून करविला. १७६० च्या जानेवारीत दत्ताजी शिंदे यमुनेच्या बुराडी घाटावर पडले. नदीपलीकडचे लोणी आज गाझियाबाद जिल्ह्यात मोडते. १७८८ नंतर दुआबाचा हा भाग महादजी शिंद्यांच्या वर्चस्वाखाली आला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत लेकने शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला आणि ३० डिसेंबरला वऱ्हाडातील सुर्जी-अंजनगाव येथे झालेल्या तहाने दौलतराव शिंद्यांनी दुआब इंग्रजांस तोडून दिला. गाझियाबादेचा धनी बदलला तो अमरावतीकडच्या एका गावात.

येथे एक पथ्य पाळावयास हवे. या शहरातील दूधेश्वरनाथाच्या प्राचीन मंदिरात शिवाजी महाराजांनी हवन केले, अशी कथा मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते. ती ऐकून आपला ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासात तिची गणना लोककथेतच केली पाहिजे. उलट जे कागदोपत्री सिद्ध आहे ते तितके सुखावह नाही. आपले पूर्वज या दुआबात बहुधा वसुलीला निघालेल्या फौजा घेऊन आले होते. येथल्या कुळंब्याने त्यांचे स्वागत केले असेल, असे मानण्यास आधार नाही. गोड तेवढे घेऊन कडू टाकणे हा इतिहासाचा अभ्यास नव्हे.

मराठ्यांनंतरचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. ३० आणि ३१ मे १८५७ रोजी हिंडनच्या काठी, भर उन्हाळ्यात, मेरठहून दिल्लीस निघालेल्या इंग्रज पलटणींशी क्रांतिकारक सैन्याची झुंज झाली. १८६४ साली येथून रेल्वे गेली. गाझिउद्दीननगर हे लांबलचक नाव त्याच सुमारास आखडून गाझियाबाद झाले, असे सांगतात. पुढे मेरठ-सहारनपूर आणि मुरादाबाद या वाटाही येथेच मिळाल्या. सराईचे काम आता जंक्शन करू लागले. तरीही १९०१ साली वस्ती अवघी ११ हजारांच्या आसपास होती. धान्याच्या अडती, बाजूस जाट, गुर्जर आणि त्यागी शेतकऱ्यांची खेडी, आत बनिये आणि मुसलमान कारागीर, अशी ही घडण होती.

१९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबचे निर्वासित आले, मागून कारखाने आले. मेरठ जिल्ह्यातील ही तहसील १४ नोव्हेंबर १९७६ रोजी स्वतंत्र जिल्हा झाली. २०११ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती १६ लाखांवर गेली. यांत बिहार, बंगाल, पहाड आणि महाराष्ट्र येथून आलेले आम्ही नोकरदारही आहोत.

सराईच्या गावात कोणी कायमचा परका नसतो; प्रत्येकजण केव्हा तरी येऊन उतरलेलाच असतो. तेव्हा आमच्या वाचकांपैकी जे वऱ्हाडातले असतील, त्यांनी रजेवर गेले असता अंजनगाव सुर्जीच्या वाटेवर मुलांना हा तह सांगावा. जे मराठवाड्याचे असतील, त्यांनी गाझिउद्दीनाची अखेर सांगावी. आणि परत आल्यावर त्याच मुलांना दिल्ली दरवाज्याजवळ नेऊन उभे करावे.