वसईच्या घंटा व पारा

मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली व त्यानंतर फिरंग्यांच्या देवळांतील कित्येक घंटा घाटावर गेल्या, हें सर्वश्रुत आहे. मेणवलीची १७०७ सालची आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील १७२१ सालची घंटा त्यांपैकींच म्हणून दाखवितात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें नुकतेंच पत्रानें विचारलें कीं, ह्या घंटा अष्टधातूंच्या असून त्यांत पारा असल्यामुळेंच त्यांचा नाद इतका लांबतो, हें खरें काय?

समजुतीचें मूळ उघड आहे. सोनें, रुपें, तांबें, कथील, शिसें, जस्त व लोखंड ह्या सातांस पारा जोडून अष्टधातु मोजण्याचा परिपाठ आहे. परंतु यादींत एकत्र बसणें निराळें व मुशींत एकत्र राहणें निराळें. घंटेचें कांसें म्हणजे सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील. तें ओतावयास आठशें अंशांच्या वर उष्णता लागते. पारा ३५७ अंशांवरच उकळून निघून जातो. नादाचें श्रेय कथिलाच्या प्रमाणास व घंटेच्या घडणीस द्यावयाचें.

पाऱ्याचें खरें सामर्थ्य थंडपणीं दिसतें. आमच्या शाळेंत फुटलेल्या तापमापकाचा एक थेंब एका शिक्षिकाबाईंच्या सोन्याच्या बांगडीस लागला व बांगडी पाहतां पाहतां पांढरी पडली. सोनाराने ती तापविली तेव्हां रंग परत आला; ती वाफ विषारी असते, हें त्या बिचाऱ्यास कोणी सांगितलें नव्हतें. रसशास्त्रांत ह्या गिळण्यास 'ग्रास' म्हणतात, आणि ती संज्ञा आम्हांस फार नेमकी वाटते. सोनें, रुपें, कथील, शिसें व जस्त पारा सहज गिळतो, तांबें सावकाश. लोखंडास मात्र तो शिवत नाहीं, म्हणूनच तो लोखंडी बुधल्यांतून नेत असत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सोन्याच्या प्रकारांत 'रसविद्ध' असा एक प्रकार आहे. त्याचा अर्थ पाऱ्यानें वेधलेलें असा घेतात. तेवढ्यावरून त्या काळीं मुलामा होता असें मात्र म्हणतां येणार नाहीं.

मुलाम्याची कृति अशी: सोनें पाऱ्यांत विरवून झालेला लगदा रुप्याच्या किंवा तांब्याच्या भांड्यास चोळावयाचा आणि भांडें तापवावयाचें. पारा उडतो, सोनें राहतें. सोनारांची राख विकत घेऊन तींतील कण काढणारे झारेकरी ह्याच गुणाचा उपयोग करून घेत. कथील व पारा मिळून जुन्या आरशांची पाठ होई. मुलाम्यांत पाऱ्याचा किंचित् अंश मागें राहतो व तो आज क्ष-किरणांनीं, भांड्यास ओरखडा न काढतां, ओळखतां येतो. तेव्हां वसईच्या फिरंगी अवशेषांत पारा शोधावयाचा तर सोनेरी मुलाम्याच्या रुपेरी पात्रांत शोधावा, घंटांत नव्हे.

दुसरी एक गोष्ट. घंटेवरील साल ओतकामाचें असतें, वसईहून नेल्याचें नव्हे. १७०७ हा आंकडा कोणत्या देवळाची ती घंटा, हें सांगत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचा विचार कानस घेऊन घंटेचा कीस काढण्याचा होता. आम्हीं त्यास उलट टपालीं कळविलें आहे कीं, कानस घरीं ठेवावी आणि आधीं अक्षरांचा ठसा कागदावर घेऊन पाठवावा.