जॉन वुलमन : देव आणि दुकानदारी



देव एकच असून त्याच्या जागी दुसऱ्या कोणास बसवावयाचे नाही, ही मोशेच्या दहा आज्ञांतील पहिली आज्ञा ख्रिस्ती माणूस लहानपणीच शिकतो. दगडाची मूर्ती दाराबाहेर ठेवणे त्याला अवघड जात नाही. परंतु जी मूर्ती गल्ल्याच्या पेटीत आणि जेवणाच्या ताटात ठाण मांडून बसते, तिचे काय करावयाचे? अठराव्या शतकातील जॉन वुलमन नावाच्या एका अमेरिकन शिंप्याने या प्रश्नाचे उत्तर जन्मभर वागून दिले. मी कामगार चळवळीतला माणूस; धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण मजुरी, महागाई आणि करारमदार यांत माझे आयुष्य गेले, आणि वुलमनचा देव नेमका तेथेच भेटतो, म्हणून त्याची कथा सांगावयाचे योजिले आहे.

वुलमन १७२० साली न्यू जर्सीत एका शेतकरी कुटुंबात जन्मला. हा प्रांत तेव्हा इंग्रजांची वसाहत होता. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथात पगारी धर्मोपदेशक नसत. सभेत सर्वांनी मुकाट्याने बसावयाचे आणि ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलावयाचे, मग तो सुतार असो की शेतकरी. प्रत्येकाच्या अंत:करणात देवाचा प्रकाश आहे, अशी त्यांची श्रद्धा. असे असूनही पंथातील पुष्कळ सधन माणसे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना विकत घेऊन राबवीत होती. १६८८ साली जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी याविरुद्ध लेखी निषेध केला होता. वरिष्ठ सभांनी तो बाजूस सारला.

विशी ओलांडल्यावर वुलमन माउंट हॉली गावी एका दुकानदाराकडे नोकरीस राहिला. एके दिवशी मालकाने आपली काळी दासी विकली आणि विक्रीखत लिहावयास त्याला सांगितले. गिऱ्हाईक समोर तिष्ठत होते, तेही वृद्ध क्वेकरच. मालकाचा हुकूम म्हणून वुलमनने खत लिहिले. पण मन खाऊ लागले, तेव्हा गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याने दोघांच्या तोंडावर सांगितले. चाकराने मालकाला असे बोलावयास काय छाती लागते, हे ज्याने चाकरी केली आहे तोच जाणे. पुढे दुसऱ्या एकाने असेच खत मागितले, तेव्हा त्याने साफ नकार दिला.

एकदा एका जखमी शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहावयास बोलावले. घरात एक गुलाम मुलगी होती. ती अमक्या मुलाला द्यावी, असे तो म्हणाला. वुलमनने बाकीचा मजकूर लिहिला, तेवढा भाग कोरा ठेवला आणि कागद परत आणून दिला. लिहिल्याची मजुरी नको, पण उरलेला भाग माझ्याने लिहवत नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. दोघांचे बराच वेळ बोलणे झाले. अखेर शेजाऱ्याने मुलीला मुक्त करावयाचे कबूल केले आणि मृत्युपत्र पुरे झाले.

पुढे त्याचे स्वत:चे दुकान चांगले चालू लागले. लोक ऐपतीबाहेर उधार नेतात आणि कर्जात बुडतात, हे त्याला दिसत होते. वाढता धंदा मनाचा ताबा घेऊ लागला, तेव्हा १७५६ च्या सुमारास त्याने तो आवरावयास घेतला आणि शिवणकाम व सफरचंदाची रोपवाटिका यांवर संसार चालविला. वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांच्या घामातून निघालेली साखर आणि रम आपण एके काळी विकली, याची टोचणी त्याला उतारवयात लागली.

दक्षिणेकडील प्रवासात गुलाम बाळगणाऱ्यांकडे उतरावे लागे. फुकट पाहुणचार घेतला तर गुलामांच्या फुकट श्रमात आपणही वाटेकरी होतो, असे त्याला वाटे. म्हणून तो ज्यांनी सेवा केली त्यांना चांदीची नाणी देई, कधी स्वत:, कधी यजमानाच्या हातून.

येथपर्यंत ही एका सज्जनाची कथा झाली. सज्जन मनुष्य आपले हात स्वच्छ ठेवून घरी बसला, तर जगाचे फारसे अडत नाही. वुलमनचे खरे मोल मला पुढे दिसते. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा लांबणीवर पडू लागला, तेव्हा तो उठून बोलला. सभेने ठराव केला, की गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्याला पंथाच्या कारभारात भाग घेऊ द्यावयाचा नाही, आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची मने वळविण्यास काही माणसे नेमली. त्यांत वुलमन होता. ठराव कागदावर राहू नये म्हणून दारोदार हिंडण्याचे हे काम किती कष्टाचे, ते कोणत्याही संघटनेच्या कार्यकर्त्याला विचारा! अठरा वर्षांनी, १७७६ साली, याच सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची संपूर्ण बंदी केली. सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा त्याच वर्षी त्याच शहरात निघाला. त्याचा मसुदा लिहिणारे जेफर्सन मात्र गुलामांचे मालकच राहिले. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपावयास १८६५ साल उजाडले.

१७७६ ची बंदी पाहावयास वुलमन उरला नव्हता. १७७२ साली तो इंग्लंडास गेला. जहाजात नक्षीदार खोली नाकारून तो खलाशांच्या जवळ खालच्या भागात राहिला आणि त्यांचे हाल त्याने डोळ्यांनी पाहिले. इंग्लंडात तो पायी हिंडला, कारण वेगाच्या हव्यासापायी टपालगाड्यांचे घोडे मरत आणि हिवाळ्याच्या रात्री टपाल नेणारी पोरे गारठून मरत, असे त्याने ऐकले होते. रोजनिशीत त्याने भाव टिपले : लंडनच्या आसपास मजुराची रोजी १० पेन्स, गव्हाचा भाव बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, ८ शिलिंग. शिलिंगाचे पेन्स बारा. म्हणजे एवढ्या गव्हासाठी मजुराची साडेनऊ दिवसांहून अधिक मजुरी जाई. सूत कातणाऱ्या बायकांची रोजी ४ पेन्सांपासून, हेही त्याने लिहून ठेवले. मजुरी आणि धान्य यांचा असा ताळा आम्ही महागाई भत्त्याच्या मागणीपत्रात घालतो. वुलमनने तो धर्मप्रवासाच्या रोजनिशीत घातला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला यॉर्क येथे देवीच्या रोगाने त्याचा अंत झाला.

या परंपरेचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लोकांची वाट ज्यांनी आधी मळविली, त्यांत हा शिंपीही होता.

देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही, अशी येशूची शिकवण आहे. वुलमनने ती हिशेबाच्या वहीला लावून पाहिली. कापड, साखर, टपाल, यांतील प्रत्येक वस्तूपाशी थांबून त्याने विचारले, की ही माझ्यापर्यंत कोणाच्या पाठीवरून आली? देव मानणाऱ्याने हा प्रश्न देवासाठी विचारावा, न मानणाऱ्याने माणसासाठी विचारावा. आणि उत्तर मिळाल्यावर एकट्याने हळहळत न बसता ते चारचौघांच्या सभेत मांडावे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.